आंत्रनीलांतील अंतर्क्लथन आणि चयापचयाचे उपद्रव

वैद्यकीय लेखनात 'उपद्रव' हा शब्द व्यवहारातील अर्थाहून काहीशा वेगळ्या अर्थाने येतो. बोलीत उपद्रव म्हणजे त्रास. आयुर्वेदाच्या परिभाषेत मात्र मूळ व्याधीच्या मागून उत्पन्न होणारा आणि तिच्याच मुळावर पोसला जाणारा दुसरा विकार, असा त्याचा अर्थ आहे. इंग्रजीतील 'कॉम्प्लिकेशन' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ एकत्र दुमडणे असा आहे. त्यात गुंतागुंत सूचित होते, क्रम सूचित होत नाही. मराठीत रूढ असलेल्या शब्दाला आधी काय आणि मागून काय याचे भान आहे. आतड्यांच्या नीलांमध्ये रक्ताची गुठळी होणे या विकारात हे भान राहते की नाही यावर पुष्कळदा रोग्याचे प्राण अवलंबून असतात. या विकाराने चयापचयात जे बिघाड होतात ते रक्ताच्या तपासणीत उमटतात खरे, परंतु उशिरा उमटतात. आणि त्यांची वाट पाहत बसणे म्हणजे आतड्याच्या नाशाची वाट पाहणे होय. हे बिघाड कोणते, ते कसे उद्भवतात आणि ते उमटण्यास विलंब का लागतो, याचे विवेचन येथे योजिले आहे.

प्रथम रक्तमार्गाचा विचार करणे आवश्यक आहे. आतडी पोटाच्या मागील भित्तीशी एका दुपदरी पडद्याने जोडलेली असतात. त्यास आंत्रबंध म्हणतात. या पडद्यातून रोहिणी आतड्याला रक्त पुरवितात आणि नीला ते परत नेतात. लहान आतडे आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग यांतील रक्त ऊर्ध्व आंत्रनीलेत जमा होते. ही नीला स्वादुपिंडाच्या मागे प्लीहेकडून येणाऱ्या नीलेला मिळते आणि या संगमापासून यकृताकडे जाणारी द्वारनीला सुरू होते. शरीरातील बहुतेक नीला रक्त थेट हृदयाकडे नेतात. द्वारनीला मात्र ते आधी यकृताच्या स्वाधीन करते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश या मार्गाने येते. विश्रांतीच्या अवस्थेत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ चौथा हिस्सा पोटातील पचनेंद्रियांकडे वळलेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या मार्गातील अडथळा किती व्यापक परिणाम करू शकेल याची कल्पना येते.

वाहिनीच्या आत, जिवंतपणी, रक्त साकळून गुठळी होणे यास मराठी परिभाषेत अंतर्क्लथन म्हणतात. एखादी गुठळी अन्य ठिकाणाहून वाहत येऊन वाहिनीत पाचरीसारखी अडकणे यास अंतर्कीलन म्हणतात. 'थ्रोम्बोसिस' आणि 'एम्बोलिझम' ही या दोन क्रियांची नावे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो याने रूढ केली. रक्तप्रवाहाची मंदता, वाहिनीच्या भित्तीची इजा आणि रक्ताच्या घटनेतील बदल ही अंतर्क्लथनाची तीन कारणे त्याच्या नावाने आजही सांगितली जातात. आंत्रनीलांच्या बाबतीत तिन्ही कारणांची उदाहरणे मिळतात. यकृतकाठिण्यात द्वारनीलेतील प्रवाह मंदावतो. स्वादुपिंडाचा दाह किंवा पोटातील शस्त्रक्रिया यांमुळे नीलेच्या भित्तीस इजा पोहोचते. आणि रक्त साकळण्याची प्रवृत्ती वाढविणारे कित्येक आनुवंशिक व अर्जित दोष आता ज्ञात झाले आहेत. अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाचा आनुवंशिक अभाव १९६५ साली, फॅक्टर फाइव्ह लायडन हा दोष १९९४ साली आणि प्रोथ्रॉम्बिनच्या जनुकातील बदल १९९६ साली वर्णिला गेला. अतिउंच प्रदेशात दीर्घकाळ राहिलेल्या सैनिकांना द्वारनीला व तिच्या शाखा यांत अंतर्क्लथन होत असल्याचे भारतीय सेनेतील वैद्यांनी २००५ साली प्रसिद्ध केले. तेथील विरळ हवेत रक्तपेशींची संख्या वाढून रक्त दाट होते, हे त्यामागील एक कारण होय.

आतड्याचा रक्तपुरवठा एकाएकी बंद पडण्याच्या सर्व प्रकारांत नीलांतील अंतर्क्लथनाचा वाटा साधारण ५ ते १५ टक्के मानला जातो. उरलेल्यांपैकी बहुतेकांत दोष रोहिणीकडे असतो. बोस्टनचा शल्यवैद्य इलियट याने १८९५ साली अशा रोग्याचे मृत आतडे कापून काढून त्यास वाचविल्याची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे १९३५ साली वॉरन व एबरहार्ड या दोघांनी नीलांतील अंतर्क्लथन हा रोहिणीच्या अवरोधाहून निराळा विकार असल्याचे स्पष्टपणे मांडले. हा भेद केवळ वर्गीकरणाच्या सोयीचा नाही. रोहिणी बंद झाली की आतड्यात रक्त येतच नाही. ते फिके पडते आणि काही तासांतच मरू लागते. नीला बंद झाली तरी रक्त येणे चालूच राहते, मात्र त्याला बाहेर जाण्यास वाट नसते. धरणाचे दरवाजे बंद असताना नदीचा ओघ सुरूच राहावा, तशी ही स्थिती आहे. केशवाहिन्यांतील दाब वाढतो, द्रव बाहेर झिरपतो, आतड्याची भित्ती सुजून जाड व जांभळी होते. आणि शेवटी त्या सुजेमुळे व दाबामुळे रोहिणीतून येणारे रक्तही अडू लागते. म्हणून नीलांच्या विकारात वेदना हळूहळू वाढते. रोगी पुष्कळदा काही दिवस अस्पष्ट पोटदुखी, मळमळ आणि अन्नाविषयी अरुची अशी लक्षणे सांगत असतो. पोट दाबून पाहिले असता मात्र वेदनेच्या मानाने काहीच सापडत नाही.

चयापचयाचा पहिला उपद्रव पाण्याचा आणि प्रथिनांचा होय. सुजलेल्या भित्तीत, आतड्याच्या पोकळीत आणि उदरपोकळीत कित्येक लिटर द्रव साठू शकतो. हा द्रव शरीराबाहेर गेलेला नसतो, परंतु रक्ताभिसरणाच्या दृष्टीने तो गमावल्यासारखाच असतो. त्याच्याबरोबर अल्ब्युमिनही निघून जाते, त्यामुळे उरलेले पाणी वाहिन्यांत धरून ठेवण्याची रक्ताची शक्ती आणखी घटते. रक्तपेशी मात्र मागे राहतात. रक्त दाट होते आणि दाट रक्त अधिक सहज साकळते. अशा रीतीने उपद्रव मूळ व्याधीला बळ देतो. मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त कमी झाल्याने लघवी कमी होते, युरिया व क्रिएटिनीन वाढतात, आणि एरवी मूत्रपिंडे जे आम्ल बाहेर टाकतात तेही शरीरात साचू लागते.

दुसरा उपद्रव ऊर्जेचा होय. आतड्याच्या आतील आवरणावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. त्यांच्या टोकांना ऑक्सिजन मुळातच कमी मिळतो, म्हणून तुटवडा पडला की नाशाचा आरंभ तेथून होतो. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला एटीपी या ऊर्जावाहक द्रव्याचे सुमारे ३० रेणू मिळतात. ऑक्सिजन नसताना निव्वळ २ मिळतात आणि लॅक्टेट मागे उरते. १७८० साली स्वीडिश रसायनज्ञ शेले याने आंबट दुधातून जे आम्ल वेगळे केले त्याचेच हे रूप. ते मनुष्याच्या रक्तातही आढळते हे १८४३ साली जर्मन वैद्य शेरर याने अत्यवस्थ रोग्यांच्या रक्तात दाखविले. निरोगी अवस्थेत रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण लिटरला २ मिलिमोलपेक्षा कमी असते. ऊर्जेच्या तुटवड्यात ते वाढते, आम्ल शमविताना बायकार्बोनेट खर्ची पडते आणि रक्ताचे पीएच मूल्य ७.३५ च्या खाली जाते. या अवस्थेस अम्लरक्तता म्हणतात. तीत हृदयाचे आकुंचन दुबळे होते आणि वाहिन्या रक्तदाब टिकविणाऱ्या संप्रेरकांना दाद देईनाशा होतात.

येथवरचे वर्णन वाचून असे वाटणे स्वाभाविक आहे की, आतड्याला धोका असेल तर लॅक्टेट वाढलेलेच असणार, आणि ते वाढलेले नसेल तर धोका नाही. यातील पहिले अनुमान पुरते खरे नाही, आणि दुसरे तर घातक आहे. त्याची कारणे आतड्याच्या रक्तमार्गातच आहेत. लॅक्टेटची तपासणी हाताच्या वाहिनीतील रक्तावर होते. ते निर्माण होते आतड्यात. या दोहोंच्या मध्ये यकृत उभे आहे. शरीरात तयार होणाऱ्या लॅक्टेटपैकी निम्म्याहून अधिक यकृत उचलते व त्याचे पुन्हा ग्लुकोजमध्ये रूपांतर करते. कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याने १९२९ साली वर्णिलेले चक्र ते हेच. द्वारनीला मोकळी असेल तोपर्यंत आतड्याच्या एखाद्या भागातून येणारे जादा लॅक्टेट यकृत निमूटपणे गिळून टाकते. उलट नीलाच बंद असेल तर कुंठित झालेल्या रक्ताबरोबर लॅक्टेटही काही अंशी आतड्यातच अडकून पडते. म्हणजे मार्ग मोकळा असो वा बंद, आरंभीच्या काळात हाताच्या रक्तात त्याची चाहूल लागेलच असे नाही. ते ठळकपणे वाढते तेव्हा बहुधा नुकसान भित्तीच्या पूर्ण जाडीत पसरलेले असते, किंवा अवसादामुळे सर्व शरीराचेच रक्ताभिसरण खचलेले असते. वाढलेले लॅक्टेट हा गंभीर इशारा आहे यात संशय नाही. नेहमीचे लॅक्टेट हे अभयवचन मात्र नाही.

दुसरा एक भुलावा वांतीमुळे निर्माण होतो. आतड्याची हालचाल मंदावल्याने रोग्यास उलट्या होतात आणि त्यांवाटे जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर जाते. एका बाजूने आम्ल साचत असते, दुसऱ्या बाजूने आम्ल निघून जात असते. दोहोंचा मेळ बसला तर पीएच मूल्य अगदी निर्दोष दिसते. उदाहरणादाखल असा अहवाल कल्पावा, की पीएच ७.४०, बायकार्बोनेट २४, सोडियम १४० आणि क्लोराइड ९४ आहे. पहिले दोन आकडे पाहून वाचणारा निश्चिंत होईल. परंतु सोडियममधून क्लोराइड व बायकार्बोनेट यांची बेरीज वजा केली असता २२ उरतात. हा फरक साधारणपणे ८ ते १२ असावा लागतो. म्हणजे मोजणीत न आलेले एखादे आम्ल रक्तात साचलेले आहे आणि वांतीने त्यावर पडदा टाकला आहे. येथे एकेक आकडा खोटे बोलत नाही. आकड्यांचा परस्परसंबंध न पाहिल्याने अर्थ हुकतो.

पेशी मरू लागल्या म्हणजे तिसरा उपद्रव सुरू होतो. पोटॅशियम आणि फॉस्फेट ही मुख्यतः पेशींच्या आत राहणारी द्रव्ये आहेत. पेशीचे आवरण फुटताच ती रक्तात उतरतात. मूत्रपिंडे आधीच दुबळी झालेली असल्याने पोटॅशियम बाहेर टाकले जात नाही आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका उभा राहतो. आतड्याचे आवरण जंतूंना अडविणारी भिंतही असते. ती ढासळली की जंतू व त्यांची विषे रक्तात शिरतात. त्यांच्या आघाताने प्रथम रक्तातील साखर वाढते. पुढे यकृत थकले की ती घटूही शकते. रक्तप्रवाह पुन्हा सुरू होणे हेही निर्धोक नसते. अडकून राहिलेले लॅक्टेट, पोटॅशियम आणि ऑक्सिजनच्या पुनःप्रवेशाने निर्माण होणारी दाहक द्रव्ये एकदम शरीरभर पसरतात. उपचारातील मुख्य औषध जे हेपारिन, तेही आल्डोस्टेरॉन या संप्रेरकाची निर्मिती कमी करून पोटॅशियम वाढवू शकते. म्हणून औषध चालू असताना त्याची मोजणी पुनःपुन्हा करावी लागते.

मूळ कारणाचा शोध घेतानाही काळाचे भान सुटता कामा नये. ताजी गुठळी होत असताना अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस ही रक्त साकळण्यास आवर घालणारी प्रथिने खर्ची पडतात. यकृत, जेथे ती मुख्यतः तयार होतात, तेही बाधित असू शकते. शिवाय हेपारिनने अँटिथ्रॉम्बिनची पातळी उतरते आणि वॉरफरिनने उरलेल्या दोहोंची. या काळातील तपासणीवरून जन्मजात अभावाचे निदान केले तर परिणामालाच कारण समजण्याचा दोष घडतो. याच्या उलट प्रकार अस्थिमज्जेच्या विकारात दिसतो. रक्तपेशी अवाजवी वाढविणारा जॅक-टू जनुकातील बदल २००५ साली ज्ञात झाला. द्वारनीलेतील दाबाने प्लीहा वाढली की ती जादा पेशी अडकवून ठेवते आणि रक्तातील गणना नेहमीसारखी भासते. अशा रोग्यात गणनेवर विसंबून न राहता जनुकाची तपासणी करावी लागते.

रोगी पहिल्या संकटातून वाचला, पण आतड्याचा मोठा भाग कापून काढावा लागला, तर उपद्रवांचे दुसरे पर्व सुरू होते. प्रौढ मनुष्याचे लहान आतडे साधारण ६ मीटर लांब असते. ते २ मीटरपेक्षा कमी उरले तर शोषण अपुरे पडू लागते. पाणी, सोडियम व मॅग्नेशियम यांची तूट पडते. शेवटचा भाग गेला असेल तर ब-१२ जीवनसत्त्व आणि पित्तक्षार यांचे शोषण थांबते, कारण ते कार्य दुसरा कोणताही भाग नीट करू शकत नाही. मोठे आतडे शाबूत असेल तर न पचलेली स्निग्ध आम्ले कॅल्शियमला बांधून घेतात. मोकळे राहिलेले ऑक्झलेट शोषले जाऊन मूत्रपिंडात खडे होतात. १९६८ साली डड्रिक, विल्मोर व त्यांचे सहकारी यांनी संपूर्ण पोषण शिरेवाटे देण्याची पद्धती सिद्ध केली, त्यामुळे असे रोगी जगू लागले. परंतु त्यासाठी मोठ्या नीलेत ठेवावी लागणारी नळी स्वतःच गुठळीला निमित्त होऊ शकते. दीर्घ उपवासानंतर अन्न घाईने सुरू केल्यास फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत उतरते, तो धोका निराळाच. आणखी एक अडचण अशी की, तोंडावाटे घेतलेले रक्त साकळू न देणारे औषध आखूड आतड्यातून किती शोषले जाईल याचा भरवसा नसतो. शोषण बिघडल्याने के जीवनसत्त्व कमी पडले तर तेच औषध अपेक्षेपेक्षा प्रबळ ठरते.

या पर्वात लॅक्टेट पुन्हा एकदा चकविते. लॅक्टेटचे दोन प्रकार आहेत; रचनेने ते बिंब-प्रतिबिंबासारखे, डावे-उजवे असतात. मनुष्याच्या पेशी प्रामुख्याने एल-प्रकार तयार करतात. मोठ्या आतड्यातील कित्येक जंतू डी-प्रकारही तयार करतात. आखूड आतड्याच्या रोग्यात न पचलेली पिष्टमय द्रव्ये मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथे आंबून डी-लॅक्टेटचा साठा होतो. मनुष्यातील ही अम्लरक्तता १९७९ साली प्रथम वर्णिली गेली. भोजनानंतर रोग्याची जीभ अडखळते, शब्द अस्पष्ट होतात, चाल डळमळते, मन गोंधळते; पाहणारास तो मद्य प्यालेला वाटतो. प्रयोगशाळेतील नेहमीची तपासणी मात्र एल-प्रकारच ओळखते आणि लॅक्टेट योग्य प्रमाणात असल्याचे कळविते. दोन्ही प्रकारांना व्यवहारात एकच नाव असल्याने अहवालातील 'लॅक्टेट' हा शब्द वाचणारा अर्थ अधिक व्यापक धरतो आणि यंत्र तो अधिक संकुचित धरते. वर सांगितलेला सोडियम-क्लोराइडचा हिशेब येथेही उपयोगी पडतो. साचलेले आम्ल त्यातून उघड होते. आहारातील पिष्ट कमी करणे आणि जंतूंना आवर घालणे हा त्यावरील उपाय आहे.

ज्यांचे आतडे वाचले पण द्वारनीला कायमची बंद राहिली, त्यांच्यात रक्त आडमार्गाने वाहू लागते. द्वारनीलेभोवती बारीक वाहिन्यांचे जाळे तयार होते. अन्ननलिकेच्या नीला फुगतात आणि त्यांतून रक्तस्रावाचा धोका राहतो. आतड्यात निर्माण होणारा अमोनिया यकृताला टाळून सर्व शरीरात जाऊ शकतो. यकृत मूळचे निरोगी असेल तर त्याची बाधा बहुधा सौम्य असते, परंतु लक्ष व स्मरण यांत मंदपणा आढळल्यास या कारणाचा विचार करणे इष्ट ठरते.

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष निदानाच्या क्रमासंबंधी आहे. मूळ व्याधी गुठळी ही आहे, आणि ती रसायनांच्या मोजणीत दिसत नाही; ती चित्रात दिसते. शिरेवाटे रंजक द्रव्य देऊन, ते नीलांत भरण्याच्या वेळी घेतलेले पोटाचे सी.टी. चित्र हे तिचे प्रत्यक्ष प्रमाण होय. आणीबाणीच्या शस्त्रक्रियेविषयीच्या जागतिक संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत, आतड्याचा रक्तपुरवठा खंडित झाल्याचा संशय येताच असे चित्र शक्य तितक्या लवकर घ्यावे आणि मूत्रपिंडांच्या बिघाडामुळेही ते टाळू नये, असे सांगितले आहे. गुठळी दिसली, पोटात आतडे मेल्याची चिन्हे नसली आणि हेपारिन तत्काळ सुरू झाले, तर पुष्कळ रोग्यांचे आतडे शस्त्रक्रियेवाचून वाचते. हेच उपचार अम्लरक्तता सिद्ध होईपर्यंत थांबले, तर शल्यवैद्याच्या हाती मृत आतडे कापण्यावाचून फारसे काही उरत नाही आणि वर वर्णिलेले दुसरे पर्व रोग्याला जन्मभर पुरते.

रक्ताची तपासणी यामुळे निरुपयोगी ठरत नाही. द्रव किती द्यावा, पोटॅशियम कसे आवरावे, आतड्याचा नाश वाढत आहे की थांबला आहे, या प्रश्नांना तिच्यावाचून उत्तर नाही. व्याधी आहे की नाही, हा प्रश्न मात्र तिच्या अधिकाराबाहेरचा आहे. वेदना तीव्र, पोट मऊ आणि अहवाल निर्दोष, ही तीन लक्षणे एकत्र आली असता संशय दूर होत नाही. तो दृढ व्हावयास हवा, कारण उपद्रवांच्या आधीची जी थोडी वेळ वैद्याच्या हाती असते ती नेमकी तीच असते.